तुम्ही विचारलंत म्हणून: जोडीदाराला परदेशी बोलवायचं तर कुठला व्हिसा?

‘मी इथे सेटल झालोय, आता बायकोला आणायचंय. कुठला व्हिसा काढू?’ कधी बायकोच्या जागी नवरा असतो, कधी लग्न न झालेला पार्टनर. प्रश्न तोच. उत्तर देण्याआधी मी विचारते, तुम्ही स्वतः तिथे कशावर आहात? बरेच जण यावर वैतागतात, कारण त्यांना फॉर्मचं नाव हवं असतं. पण कुठला फॉर्म भरायचा हे तुमच्या नात्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या स्टेटसवरून जास्त ठरतं.

अमेरिकेचंच घ्या. बोलावणारा नागरिक असेल तर जोडीदार ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ धरला जातो आणि त्याला वार्षिक कोटा लागत नाही. जो वेळ जातो तो छाननीत आणि मुलाखतीची तारीख मिळण्यात. ग्रीनकार्ड असेल तर एफ२ए नावाच्या, वार्षिक कोट्याच्या रांगेत उभं राहायचं. मधली काही वर्षं ही रांग जवळपास संपली होती, २०२३मध्ये पुन्हा लागली. (रांगेत असताना तुम्ही नागरिक झालात तर अर्ज कोट्याबाहेरच्या गटात जातो, पण नागरिक झाल्याचं तुम्हीच कळवायचं असतं.) आणि तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर जोडीदार एच-४ या त्याच्या अवलंबितांच्या व्हिसावर तुलनेनं लवकर येतो, पण नोकरी करता येईलच असं नाही. २०१५पासून एच-४वाल्यांना वर्क परमिट मिळू शकतं, मात्र एच-१बीवाल्याचा आय-१४०, म्हणजे नोकरीवर आधारित ग्रीनकार्डासाठीचा अर्ज, मंजूर झालेला असेल किंवा त्याला व्हिसाच्या नेहमीच्या सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली असेल तरच. एल-१वाल्यांचे, म्हणजे कंपनीनंच बदलीवर पाठवलेल्यांचे, जोडीदार यात नशीबवान, त्यांना २०२१पासून वेगळ्या परमिटशिवाय काम करता येतं. एकाच जोडप्याला चार वेगवेगळी उत्तरं मिळू शकतात, ती अशी.

‘मग फियॉन्से व्हिसावर आणू का?’ हा ठरलेला पुढचा प्रश्न. म्हणजे लग्न ठरलंय, पण झालेलं नाही, अशा जोडीदाराचा व्हिसा. अमेरिकेचा असा व्हिसा म्हणजे के-१, त्यासाठी फक्त नागरिकांना अर्ज करता येतो, ग्रीनकार्डवाल्यांना नाही. अर्जाआधीच्या दोन वर्षांत एकदा तरी प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि तिथे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं. त्यानंतर ग्रीनकार्डासाठी पुन्हा नवा अर्ज, नवी फी, आणि बहुतेकांच्या बाबतीत कामाच्या परवानगीची वाट बघत घरी बसणं. ब्रिटनचा फियॉन्से व्हिसा सहा महिन्यांचा, आणि त्यावर नोकरीच करता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे. लग्न करायचंच असेल आणि ते आधी करता येत असेल, तर आधी करा, मग अर्ज टाका.

लग्न करायचंच नसेल तरी मार्ग आहेत. कॅनडात सलग एक वर्ष एकत्र राहिलात की ‘कॉमन-लॉ’ जोडीदार म्हणून स्पॉन्सर करता येतं. ऑस्ट्रेलियाही ‘डी फॅक्टो’ नात्यासाठी साधारण १२ महिने मागते, पण तिथल्या काही राज्यांत नात्याची नोंदणी करता येते आणि ती केली की ही मुदतीची अट सुटते. ब्रिटनला दोन वर्षांचं लग्नासारखं नातं दाखवावं लागतं. तिन्हीकडे प्रश्न येतो तो पुराव्याचा. घरभाड्याचा करार एकाच्या नावावर, वीजबिल त्याच्याच नावावर, दुसरा जण कागदोपत्री कुठेच नाही, अशी जोडपी मी खूप पाहिली आहेत. अर्ज पुढच्या वर्षी करायचा असला तरी दुसरं नाव करारावर आजच चढवा. समुद्रकिनाऱ्यावरचे शेकडो फोटो एका जोड-खात्याच्या स्टेटमेंटची बरोबरी करत नाहीत.

ब्रिटनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे लोक पैशावर अडकतात. जोडीदार आणण्यासाठी लागणारं किमान वार्षिक उत्पन्न आधी १८,६०० पाउंड होतं, ११ एप्रिल २०२४पासून ते २९,००० झालं. पहिल्यांदा बाहेरून अर्ज करताना येणाऱ्या व्यक्तीचा मायदेशातला पगार यात धरत नाहीत, मग तो कितीही गलेलठ्ठ असो. एकाच नोकरीत सहा महिने झालेले असतील तर सहा महिन्यांच्या पे-स्लिप आणि त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट्स द्यायची. फाईल तपासायला घेतली की मी आधी हेच दोन गठ्ठे शेजारी-शेजारी ठेवते. स्लिपवरची हातात पडणारी रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम पेन्सपर्यंत जुळली पाहिजे. एखाद्या महिन्यात पगार दोन हप्त्यांत आला असेल किंवा दुसऱ्याच खात्यात गेला असेल, तर कंपनीच्या पत्रात तसा खुलासा हवा. पगार पुरत नसेल तर बचत दाखवता येते, पण नुसत्या बचतीवर जायचं तर सहा महिने हाताशी असलेले ८८,५०० पाउंड लागतात.

याच देशाच्या बाबतीतली एक गंमत. सुरिंदर सिंग हे भारतीय गृहस्थ आणि त्यांची ब्रिटिश पत्नी ऐंशीच्या दशकात जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले. १९९२मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की युरोपीय संघाच्या दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला युरोपीय कायद्याचं संरक्षण मिळतं. मायदेशातच राहिलेल्या नागरिकापेक्षा बाहेर जाऊन आलेल्याचं पारडं जड! पुढे अनेक ब्रिटिश जोडपी मुद्दाम आयर्लंडला वगैरे राहून याच वाटेनं परतली. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनपुरती ती वाट बंद झाली.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर आणतो, मग बघू’ हा सल्ला कुणीतरी देतोच. कॅनडात व्हिजिटर म्हणून आलेल्या जोडीदाराला तिथूनच अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटरचा स्पाउस व्हिसा आतून होत नाही, परत जावं लागतं. अमेरिकेत राहायचा बेत मनात ठेवून ‘फिरायला आलोय’ सांगणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि तो डाग पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. याहून वाईट म्हणजे आपल्या पीआरच्या (कायम वास्तव्याच्या) अर्जाच्या वेळी जोडीदार लपवणं. प्रक्रिया लांबू नये म्हणून कॅनडाच्या अर्जात लोक ‘सिंगल’ लिहितात. तिथल्या नियमानुसार, तेव्हा न सांगितलेल्या जोडीदाराला नंतर फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीयांसाठीच्या गटातून, स्पॉन्सर करता येत नाही. अलीकडे काही जणांना सूट मिळते, पण तिच्या भरवशावर कुणी सही करू नये. अर्ज चालू असताना लग्न झालं तरी कळवायचंच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. मला विचारणारा नेहमी तिथे आधीच गेलेला असतो. येणारी व्यक्ती स्वतः फोन करते, असं फार क्वचित होतं. त्यामुळे चर्चा ‘किती लवकर’ यावरच फिरते, आणि आल्यावर तिच्या किंवा त्याच्या हातात काय असेल, हे कुणी विचारत नाही. दोन महिने लवकर येऊन दोन वर्षं नोकरीविना काढायची असतील, तर त्या घाईला काय अर्थ? जर्मनीत कुटुंबासाठीच्या परवान्यावर लगेच काम करता येतं. त्याआधी बहुतेकांना ए१ या अगदी प्राथमिक पातळीची जर्मन भाषा यावी लागते, ब्लू कार्ड या उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर असलेल्यांच्या जोडीदारांना ती सक्ती नाही. तरीही ती शिकूनच या, कारण तिथे नोकरीच्या मुलाखती कंपनी घेते, दूतावास नाही.

येणाऱ्या माणसानं हेही माहीत करून घ्यावं की नातं बिघडलं तर काय. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीनकार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ती अट काढण्याचा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो, पण घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल तर तो एकट्यानंही करता येतो. ब्रिटनमध्ये स्पाउस व्हिसावर असताना घरात अत्याचार झाला, तर कायम वास्तव्यासाठी स्वतंत्र अर्ज करायची सोय आहे. एच-४सारख्या डिपेंडंट व्हिसावर मात्र घटस्फोट झाला की मुक्कामाचा आधारच जातो. म्हणून पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, बँकेत स्वतःचं खातं उघडा, आणि भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत स्वतःच्या ईमेलवर घ्या, अर्ज जोडीदारानं भरलेला असला तरी.