ओवा, ओव्याचं फूल आणि ओव्याचं पान

आमच्या मिसळणाच्या डब्यात ओव्याला जागा नाही. तो जुन्या कॉफीच्या बाटलीत, वरच्या फळीवर. गवारीची भाजी नाहीतर थालीपीठ असलं तर बाटली खाली येते, नाहीतर मग कुणाचं तरी पोट बिघडलं की. आईचं ठरलेलं. पोट दुखतंय म्हटलं की आधी 'बाहेर काय हादडलंस?' आणि लगेच 'हात पुढे कर'. तळहातावर चिमूटभर ओवा, वर जरासं पादेलोण, नुसतं गिळायचं नाही, जीभ बधिर होईस्तोवर चावायचं आणि मग कोमट पाणी. थोड्या वेळात सणसणीत ढेकर आला की केस क्लोज.

ही जीभ बधिर करणारी करामत थायमॉलची, ते ओव्याच्या तेलात भरपूर असतं आणि काही माउथवॉशमध्येपण तेच घालतात, म्हणून पहिल्यांदा चूळ भरली तेव्हा मला थेट भज्यांची आठवण झाली! काष्ठौषधीच्या दुकानात ते 'ओव्याचं फूल' म्हणून मिळतं, फूलबिल काही नाही, पांढरे खडे असतात. आजोबा ते, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेन्थॉलचे खडे) आणि कापूर सारख्याच मापाने घेऊन एका बाटलीत टाकायचे आणि बूच लावून हलवायचे. तिन्ही घट्ट, पाण्याचा थेंब नाही, आणि बघता बघता सगळ्याचं तेलासारखं पाणी. हीच अमृतधारा. लहानपणी मला ती जादूच वाटायची, एकत्र आले की त्यांचा वितळायचा पॉइंट खाली येतो हे कॉलेजात कळलं आणि थोडी मजा गेली.

सर्दीला तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी, ती आई आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायची आणि मगच आमच्या छातीवर. तो वास आला की अर्धं नाक तिथंच मोकळं.

पण रोज उपाशीपोटी ओव्याचं पाणी प्या, पोट आत जाईल, हे व्हॉट्सॲपवालं मला काही पटत नाही. ओवा उष्ण, मी एकदा उत्साहात दोन चमचे खाल्ला आणि दुपारभर घशाशी जळजळ घेऊन बसले, वर आईचं 'चिमूटभर म्हणजे चिमूटभर' ऐकून घेतलं ते वेगळंच.

आणि गंमत म्हणजे गॅलरीतल्या कुंडीत जो 'ओवा' लावलाय ना, जाड लवदार पानांचा, तो ओवा नाहीच. खरा ओवा जिरं-कोथिंबिरीच्या खानदानातला, हा तुळशीच्या. वास मात्र सख्ख्या भावासारखा, कारण पानातही थायमॉल आणि त्याचंच भावंड कार्व्हाक्रॉल असतं. खोकल्याला आई याचंच पान जरा गरम करून रस काढते आणि मधातून देते. आम्ही मात्र पाऊस लागला की सरळ बेसनात बुडवून तळतो, कुरकुरीत, आत ते मऊ हिरवं पान, मोजून कोण खातंय. मग रात्री पुन्हा वरच्या फळीवरची बाटली काढावी लागते.