तुम्ही विचारलेत म्हणून : ही गाठ कर्करोगाची आहे की नाही?

जळगावात शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासण्याचे काम मी करते, आणि रिपोर्ट घेऊन समोर बसणारे नातेवाईक बहुधा एकच प्रश्न विचारतात : "कॅन्सर शे का नही, इतलंच सांगा." अंडाशयाच्या बहुतेक गाठींबाबत हो किंवा नाही असे सांगता येते. रिपोर्टवर 'बॉर्डरलाइन' लिहिलेले असले की ते सांगता येत नाही, आणि मग डॉक्टरांनाच खात्री नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. बॉर्डरलाइन हे स्वतंत्र निदान असून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते १९७३ पासून आहे. या गाठीतील पेशी वाजवीपेक्षा अधिक वाढलेल्या आणि थोड्या बिघडलेल्या दिसतात, मात्र कर्करोगाप्रमाणे शेजारच्या ऊतीत घुसत नाहीत.

यावलकडच्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीची गाठ बरणीत मावेना, म्हणून झाकणाच्या बादलीत फॉर्मेलिन घालून आणली होती. लांबी २२ सेंटिमीटर. कापताच कप्प्याकप्प्यांतून भेंडीसारखा बुळबुळीत द्रव ओघळला. अशा गाठीत एक कप्पा साधा, दुसरा बॉर्डरलाइन आणि तिसऱ्यात नखाएवढ्या जागेत कर्करोग, असे असू शकते. म्हणून दर सेंटिमीटरला किमान एक, आणि इतक्या मोठ्या गाठीत दोन तुकडे घ्यावे लागतात. प्रत्येक तुकडा मेणात बसवतात; तिचे असे चाळीसहून अधिक ठोकळे झाले. रिपोर्टला दिवस लागतात ते यामुळे, आणि शस्त्रक्रिया चालू असताना केलेली घाईची तपासणी या गाठींत फसते तीही यामुळेच. सोनोग्राफी किंवा रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी यांवरून संशय घेता येतो, निर्णय देता येत नाही.

त्या मुलीची एका बाजूची नलिका व अंडाशय काढले, पोटातील चरबीचा पडदा तपासला, आणि गर्भाशय व दुसरे अंडाशय राखले, कारण तिला मूल हवे होते. नुसती गाठ सोलून काढल्यास ती पुन्हा होण्याचा संभव वाढतो. तरीही दोन्ही अंडाशयांत गाठी असतील, तर तरुण स्त्रीसाठी तो मार्गही विचारपूर्वक स्वीकारला जातो.

तिच्या भावाने विचारले, "आम्ही गरीब म्हणून केमो टाळली का?" मला फार वाईट वाटले. केमोचा या गाठींत फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणून ती दिली नाही, हे मी त्याला स्लाइड (काचपट्टीवरचा गाठीचा पातळ काप) दाखवून समजावले. गाठ अंडाशयापुरती असेल तर दहा वर्षांनंतरही शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक स्त्रिया हयात असतात. पोटाच्या आतील अस्तरात घुसलेले गाठीचे कण आढळले, तर मात्र तो कर्करोग मानून उपचार ठरतात.

बॉर्डरलाइन गाठ दहा वर्षांनीही पुन्हा उद्भवू शकते. म्हणून मुलगी सासरी गेली, तरी रिपोर्टची प्रत तिच्याजवळ द्या, सोनोग्राफी चुकवू देऊ नका, आणि दुसरे मत घ्यायचे असेल तर कागदाबरोबर आमच्याकडून स्लाइड आणि ठोकळेही मागून न्या.