वासरं विकण्याआधी: वजनकाट्यापासून बोलीपर्यंतचा माझा अनुभव

आमची गुरं मांसासाठी पाळलेली. गाई कळपात राहतात आणि दूध तोडलेली वासरं पुढे पोसून वाढवणाऱ्यांकडे जातात. बरीच वर्षं विक्रीची रीत ठरलेली होती. व्यापारी यायचा, कुंपणाशी उभा राहून कळपावरून नजर फिरवायचा आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा सांगायचा. त्याच्या नजरेबद्दल मला आजही आदर आहे, कारण उभ्या जनावराच्या वजनाचा त्याचा अंदाज फारसा चुकत नाही. पण सौद्याच्या वेळी वजनाचा अंदाज त्याच्याकडे, बाजारभाव त्याच्याकडे आणि माझ्याकडे नुसता माल, ही स्थिती मला बदलायची होती. वासरं वजनावर, खुल्या बोलीनं विकायची असं मी ठरवलं.

भावाच्या मागे लागण्याआधी काटा आणला. बाजाराचे अहवाल वजनगटांनुसार येतात. आपलं वासरू कोणत्या गटात बसतं हेच माहीत नसेल तर त्या अहवालातला एकही आकडा आपल्या कामाचा नाही. खोड्यातल्या फळीखाली बसवायचे इलेक्ट्रॉनिक काटे मिळतात, तसा घेतला. वासरू आत शिरून स्थिर उभं राहिलं तरच आकडा खरा येतो, त्यामुळे खरं काम होतं ते वासरांना न बिथरवता आत घ्यायचं. इथे गुरांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांच्या अभ्यासाचा मला फार उपयोग झाला. गुरांना बाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, अगदी पाठीमागचं मात्र दिसत नाही. त्यांच्या खांद्यापाशी एक तोलबिंदू असतो: माणूस त्याच्या मागे गेला की जनावर पुढे सरकतं, पुढे आला की मागे हटतं. काठी बाजूला ठेवली, आरडाओरडा बंद केला आणि नुसत्या उभं राहण्याच्या जागेवर वासरं हलू लागली. गजावर लटकणारी एक साखळी काढून टाकल्यावर आधी दारातच अडणारी वासरं सरळ आत जायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कानातले बिल्ले इलेक्ट्रॉनिक निवडले. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे त्यात १५ अंकी क्रमांक असतो आणि रीडर जवळ नेला की तो वजनासोबत थेट नोंदवहीत जातो. वहीत जन्मतारीख, आईचा क्रमांक, जन्मवजन, दूध तोडतानाचं वजन, लसी आणि औषधं एवढंच ठेवलं. लहान-मोठ्या वयाच्या वासरांची तुलना करायची तर सगळी वजनं एकाच वयावर आणावी लागतात. अमेरिकेत त्यासाठी २०५ दिवस धरतात: दूध तोडतानाच्या वजनातून जन्मवजन वजा करायचं, वयाच्या दिवसांनी भागायचं, २०५ नं गुणायचं आणि जन्मवजन पुन्हा मिळवायचं. आईच्या वयाप्रमाणे त्यात थोडी भर घालतात, कारण पहिलटकरीण गाय कमी दूध देते. हा हिशेब झाल्यावर कळपातली कोणती गाय खरंच वासरू वाढवते आणि कोणती नुसती देखणी आहे, ते स्पष्ट दिसलं.

मग बाजाराचे अहवाल वाचायला बसले. त्यात वजनगट, नर की मादी, बांधा, अंगावरचा भरलेपणा आणि त्या गटात किती जनावरं विकली गेली, इतकं सगळं असतं. सुरुवातीला नजर सगळ्यात वरच्या भावावर जाते, पण तो भाव पाच-सहा जनावरांचा असू शकतो. ज्या ओळीत संख्या भरपूर आहे तिची सरासरी धरावी, हे माझं ठाम मत आहे. एकाच आठवड्याच्या आकड्यावर काही ठरवू नये, हेही तितकंच ठाम.

या अहवालांतून मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वाढीव वजनाचं मोल. हलक्या वासराला किलोमागे भाव जास्त मिळतो, जड वासराला कमी. उदाहरणादाखल धरा, २०० किलोच्या वासराचा भाव किलोला १०० आणि २५० किलोच्या वासराचा ९०. पहिल्याचे २०,००० होतात, दुसऱ्याचे २२,५००. म्हणजे वाढवलेल्या ५० किलोंनी २,५०० आणले, किलोमागे फक्त ५०. किलोचा भाव ९० दिसतो म्हणून वाढलेला प्रत्येक किलो ९० देईल असं वाटतं, आणि तसं होत नाही. आता आपल्याकडे एक किलो वजन वाढवायला चारा, खुराक, मजुरी आणि मरतुकीचा धोका धरून किती खर्च येतो ते काढायचं. खर्च ५० च्या आत असेल तर ठेवावं, वर गेला तर विकावं. आमच्या जड गटाचं उत्तर ‘आत्ता विका’ असं आलं आणि हलक्या गटाचं ‘थांबा’ असं. एकाच कळपाची दोन वेगळी उत्तरं नुसत्या नजरेनं कधीच मिळाली नसती.

वायदेबाजाराकडे मी फक्त दिशा पाहायला बघते. शिकागोच्या बाजारात पोसून तयार झालेल्या गुरांचे वायदे १९६४ पासून आणि पोसायला जाणाऱ्या वासरांचे १९७१ पासून चालतात. त्या दुसऱ्या वायद्याचा एक करार ५०,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेबावीस टनांचा असतो. छोट्या कळपवाल्यानं त्यात उतरावं असं मी सुचवणार नाही. पण पुढच्या महिन्यांसाठी बाजाराची अपेक्षा काय आहे ते तिथे दिसतं. आपल्या जवळच्या बाजारातला भाव आणि वायद्याचा भाव यांतला फरक दर हंगामाला टिपून ठेवला की पुढच्या खेपेला अंदाज बांधायला आधार मिळतो.

वळू निवडताना वंशावळीच्या आकड्यांचा असाच उपयोग झाला. एक खूण मात्र लक्षात ठेवायला हवी: अमेरिकी कॅटलॉगमधला ‘ईपीडी’ (वळूच्या वासरांत अपेक्षित असलेला फरक) हा ऑस्ट्रेलियातल्या ‘ईबीव्ही’च्या (वळूच्या स्वतःच्या आनुवंशिक गुणांचा अंदाज) निम्मा असतो, कारण वळू आपल्या गुणांचा अर्धाच वाटा वासराला देतो. दोन्ही एका रांगेत ठेवून तुलना केली तर निवड पार चुकते.

विक्रीआधीची तयारी सगळ्यात जास्त वेळ खाणारी. दूध तोडल्याबरोबर गाडीत घातलेलं वासरू ताणाखाली असतं, नव्या जागी इतर जनावरांत मिसळतं आणि न्यूमोनियाला बळी पडतं. हा धोका खरेदीदार भावातून कापून घेतो. म्हणून दूध तोडल्यावर निदान ४५ दिवस सांभाळून विकण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली आहे आणि आम्ही तीच धरली. गव्हाणीत खायला आणि टाकीतून प्यायला शिकलेलं वासरू नव्या जागी पहिल्याच दिवशी तोंड घालतं. फऱ्या आणि श्वसनरोगांच्या लसी, जंतनाशक, खच्चीकरण, शिंगं खुडणं, हे सगळं जखमा भरायला वेळ मिळेल असं आधी उरकलं. इंजेक्शनं मानेतच दिली, कारण पुठ्ठ्यातल्या महागड्या मांसात सुईची गाठ राहिली तर तो तुकडा कापून फेकावा लागतो. प्रत्येक औषधाची तारीख आणि त्यानंतरचा प्रतीक्षाकाळ (औषधानंतर कत्तलीआधी थांबायचे दिवस) पशुवैद्यांच्या सहीसह कागदावर ठेवला.

जाहिरात लिहिताना विशेषणं सगळी गाळली. लॉटमध्ये, म्हणजे एकत्र विकायच्या गटात, किती नर, किती माद्या, सरासरी वजन, सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड वासरू, जात, लसींच्या तारखा, सध्याचा चारा, वजन कुठे आणि कधी होणार, हे लिहिलं. वेगळ्या वजनाची वासरं दुसऱ्या लॉटमध्ये काढली. एकसारखा लॉट पोसणाऱ्याला एकाच वेळी बाजारात नेता येतो, त्यामुळे अशा लॉटला बोली चांगली लागते. चित्रफीत सकाळच्या उन्हात, सपाट जमिनीवर, वासरांच्या उंचीवरून आणि बाजूनं घेतली. चालतानाची पावलं दिसायला हवीत, कारण लंगडणं तिथेच कळतं.

करारातल्या दोन गोष्टी मात्र बोटानं ओळ धरून वाचाव्यात. पहिली घट. जनावर उपाशी राहिलं, गाडीत हललं की शेण-मूत्रावाटे वजन झपाट्यानं उतरतं, म्हणून काट्यावरच्या वजनातून ठरावीक टक्के वजा करतात. २५० किलोवर ३ टक्के म्हणजे प्रत्येक वासरामागे साडेसात किलो. वजन आपल्या दारात भल्या सकाळी होणार की लांबच्या काट्यावर, यावर हा टक्का किती असावा ते ठरतं, आणि त्यावर बोलणी करता येतात. दुसरी उतरंड. लॉटची सरासरी सांगितल्यापेक्षा जास्त भरली तर वरच्या प्रत्येक किलोमागे भाव ठरावीक प्रमाणात खाली येतो. बोली वाढावी म्हणून वजन कमी लिहिणारे असतात. उतरंड नीट ठरवलेली असेल तर त्यातून काही हाती लागत नाही आणि पुढच्या वर्षी तो खरेदीदार फिरकत नाही. आमच्याकडे ताजी वजनं असल्यामुळे सांगितलेली सरासरी आणि गाडी भरतानाची सरासरी जवळजवळ जुळली, आणि भावातून काहीही कापलं गेलं नाही.

बोलीच्या दिवशी करायला फारसं काही उरलेलं नव्हतं. खाली न जाण्याचा भाव मी खर्चाच्या हिशेबावरून आधीच काढला होता आणि बोली त्याच्या वर थांबली. दारात येणारा तो व्यापारीही बोली लावणाऱ्यांत होता. त्यानं फोन करून लसींचे कागद मागवले, याचा मला मनापासून आनंद झाला.

गाडी गेल्यावर खरेदीदाराला मी बिल्ल्यांच्या क्रमांकांची यादी पाठवली आणि एक विनंती केली: किती वासरं आजारी पडली, रोज किती वाढली, कत्तलीनंतर मांसाची प्रत काय निघाली, तेवढं कळवा. सगळं नाही, पण आजारांचं आणि वाढीचं उत्तर आलं. ते रकाने आता आईच्या क्रमांकापुढे भरले जात आहेत, आणि कोणत्या गाई ठेवायच्या याची यंदाची यादी त्यावरूनच होणार आहे.