अपडेटची वाट किती पाहायची?

कंपनीने सुरक्षा अपडेट देणे केव्हाच थांबवलेल्या माझ्या जुन्या फोनवर आज अखेर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारित प्रणाली बसवली. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनमॉड ही अशीच आधीची प्रणाली बंद पडल्यावर तिच्याच पायावर स्वयंसेवकांनी उभी केलेली ही प्रणाली, निर्मात्यांनी सोडून दिलेल्या कितीतरी फोनना आजही सुरक्षा दुरुस्त्या पुरवते, याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम, उघडावा लागतो; तो उघडताना फोनमधील सगळी माहिती पुसली जाते, म्हणून छायाचित्रे आधीच संगणकावर उतरवून घेतली होती.

रोजच्या फोनवर मात्र मी हे करणार नाही. बूटलोडर उघडा असलेला फोन फोनच्या मूळ प्रणालीत फेरफार झालेला नाही ना हे पाहणाऱ्या गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत सहसा पूर्णपणे उत्तीर्ण होत नाही, आणि बँकांची अनेक ॲप्स अशा फोनवर चालत नाहीत. ज्यावरून किराणा, रिक्षा आणि वीजबिलाचे पैसे यूपीआयने जातात, तो फोन अडून बसलेला परवडत नाही. शिवाय चिपच्या बंदिस्त फर्मवेअरमधील, म्हणजे चिप चालवणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधील, दुरुस्त्या निर्मात्याकडूनच याव्या लागतात.

गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी ७ वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले. तसेच आश्वासन दहा-बारा हजारांच्या फोनलाही मिळायला हवे, कारण तो घेणाऱ्याचेही बँक खाते त्याच फोनला जोडलेले असते.