भांडाराची पेटी आणि आमचे सर

बेळगावच्या आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असं पत्र आलं, आणि शाळा म्हणून डोळ्यांपुढं आले ते आमचे गणिताचे सर. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेलच. बाकीच्या गुरुजनांचे ऋण आहेतच, पण आज मी चार्टर्ड अकाउंटंट आहे तो सरांमुळे.

दहावीपर्यंत जमाखर्च हा विषय आपल्याकडं नव्हता. सरांनी तो शिकवला ग्राहक भांडारात, म्हणजे स्टाफरूमबाहेरच्या त्या हिरव्या कपाटापाशी. मधल्या सुट्टीत वह्या, शाई, कंपासपेट्या विकायच्या आणि शाळा सुटल्यावर पावत्यांच्या स्थळप्रती, म्हणजे आपल्याकडं राहणाऱ्या नकला, घेऊन रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायची. जमा डावीकडं, नावे उजवीकडं.

एका शनिवारी पेटीत पाऊण रुपया जास्त भरला. आम्ही खूश, भांडाराचा फायदा झाला म्हणून. सर म्हणाले, "कमी पडलं तर आपलं गेलं. जास्त आलं तर दुसऱ्याचं आपल्याकडं राहिलं. कुणाचं ते बघा की आधी." एकेक स्थळप्रत काढून कुणी किती पैसे दिले ते विचारत बसले. आठवीतल्या एका मुलाच्या पावतीवर माझ्या जोडीदाराला आठवलं, सुट्टे नव्हते म्हणून त्याला नंतर ये म्हटलं होतं. सरांनी तिथल्या तिथं सायकल काढली, मला मागं बसवलं आणि थेट वडगाव गाठलं. गल्लीभर विणकरांच्या मागांची खडखड चालू होती. मुलाचे वडील माग थांबवून बाहेर आले. पाऊण रुपयासाठी मास्तर दारात आलेले बघून ते अवघडले. सरांनी पैसे हातावर ठेवले आणि रोजकीर्दीत त्यांची सही घेतली.

परवा एका पतसंस्थेच्या ऑडिटला रोकड जास्त निघाली. "किरकोळ उत्पन्नात दाखवू की," असं मॅनेजर म्हणाले. धनी सापडेपर्यंत ती अनामत खात्यातच राहील, असं मी सांगितलं. त्या क्षणी मला वडगाव आठवत होतं.

सीएची अंतिम परीक्षा पास झाल्यावर पेढे घेऊन गेलो तेव्हा सरांनी पहिलं विचारलं, "कानडी नोटीस वाचता येते ना?" मराठीवर जीव असलेला हा माणूस आम्हाला कानडीही मन लावून शिका म्हणायचा. दोन्ही भाषांचं मोल पुढं कळलं. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याचा माल हद्दीपलीकडं महाराष्ट्रात चंदगड, आजऱ्याला जातो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि गावातल्या विक्रीला सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर), तर हद्दीपलीकडच्या शिनोळीला पाठवलेल्या मालाला आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर), हे जुन्या दुकानदारांना मराठीत बसून समजावणारं कुणीतरी हवं होतं. ते काम मी मनापासून केलं. बचत गटांच्या बायकांना आणि गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळांना हिशेब लिहायला आजही शिकवतो, फी न घेता. संध्याकाळी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकाउंट्स शिकवतो. इंग्रजीच्या भीतीनं ती मागं राहतात, डोक्यानं कुठंच कमी नाहीत.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. आमच्या वेळी बाकावर चौघं दाटीनं बसायचो, आता निम्मे बाक रिकामे. भांडार बंद आहे, कपाटात जुने नकाशे कोंबलेत. फार वाईट वाटलं. सर हे बघायला नाहीत.

म्हणून मुख्याध्यापकांना कळवलं आहे, येत्या जूनपासून भांडार पुन्हा सुरू करा. पहिला माल आमची तुकडी भरून देईल. रोजकीर्द शिकवायला दर शनिवारी मी येईन, पेटी मात्र मुलांच्याच हातात द्या.