दादा, मला चालच नाही
गणपती जवळ आले की लोकांना मोदक आठवतात, मला आमच्या डोंबिवलीच्या मंडळाची बुद्धिबळ स्पर्धा आठवते. मांडवाच्या मागे सतरंज्या टाकायच्या, पट ज्याने त्याने घरून आणायचे, कुणाचा उंट हरवलेला असला की तिथे बाटलीचं झाकण. पहिल्या दिवशी भांडण ठरलेलं, कारण निम्मी पोरं घरच्या नियमाने सुरुवातीलाच दोन प्यादी एकेक घर सरकवायची आणि पंच काका ओरडायचे, इथे ते चालणार नाही, आणि हात लावलात तर चालावंच लागेल! सातला आरती, मग सगळे डाव तसेच सोडून टाळ्या वाजवायला उभे, एक डोळा पटावर, न जाणो कोणी प्यादं सरकवलं तर.

१९९५ साली मी आठवीत होतो. शेवटच्या फेरीत समोर चौथीतली दोन वेण्यांची मुलगी, ती अर्ध्या गुणाने पुढे, म्हणजे मला जिंकायलाच हवं होतं. तासाभरात तिच्याकडे नुसता राजा उरला, माझ्याकडे राजा-वजीर, तरी बाई डाव सोडेना. मी आपला ऐटीत वजिराने तिचा राजा कोपऱ्यात रेटत नेला, पार शेवटच्या घरात, आणि वजीर ठेवला त्याच्यापासून बरोब्बर घोड्याच्या उडीवर. शह नाही, पण आजूबाजूची तिन्ही घरं बंद. तिने पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "दादा, मला चालच नाही."

स्टेलमेट. शह नाही आणि चालही नाही, म्हणून डाव बरोबरीत. स्टीलचा डबा तिला, मला कंपास. (वजीर एक घर अलीकडे ठेवून आधी माझा राजा जवळ आणायचा होता हो, आता झोपेतही सांगेन.)

गणपती गेले आणि न्यूयॉर्कला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये विश्वनाथन आनंद आणि कास्पारोव्हची जगज्जेतेपदाची मॅच सुरू झाली. पहिले आठच्या आठ डाव बरोबरीत! मधेच गणपती दूध प्यायला लागले, अख्खी डोंबिवली वाटी-चमचा घेऊन देवळात, आणि मी मात्र पेपर घेऊन घरभर, बघा, आनंदपण ड्रॉच करतोय. नववा डाव आनंदने जिंकला, मग बाबांनी तो पेपर माझ्यासमोर ठेवला आणि काही न बोलता चहा प्यायला गेले.