दाभण, मेणाचा दोरा आणि दुमजली पंख

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात माडीवर राहणारे एक काका हवाई दलातून एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पंख दुरुस्त करणारा कारागीर, म्हणून निवृत्त झाले होते. १९७४ च्या उन्हाळ्यात वाड्याच्या चौकात गादीवाला जुना कापूस पिंजून गाद्या भरत होता आणि काका पायरीवर बसून त्याच्या हाताकडे एकटक पाहत होते. गादीवाल्याने लांब दाभण गादीतून आरपार काढला, दोरा ओढला, गाठ आवळली, तेव्हा ते मला म्हणाले, “बघ रे, विमानाचा पंख आम्ही अस्साच शिवायचो.” मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. विमान म्हणजे लोहगावहून उठून कानठळ्या बसवत डोक्यावरून जाणारी धातूची वस्तू, एवढीच माझी समजूत होती, त्यामुळे काका माझी फिरकी घेत आहेत असे मला वाटले. संध्याकाळी त्यांनी मला माडीवर बोलावले, पत्र्याच्या पेटीतून मेण लावलेल्या दोऱ्याचे रीळ काढले आणि बांबूच्या कामट्यांवर जुने धोतर ताणून बसवून मला ती गाठ शिकवली. आज बासष्टी उलटली तरी ती गाठ माझ्या बोटांत आहे, आणि दुपंखी, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या, विमानांविषयी मला जे काही कळते त्याची सुरुवात तिथून आहे.

काकांनी शिवलेले पंख टायगर मॉथचे होते. डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीचे हे दुपंखी प्रशिक्षण विमान १९३१ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा उडाले आणि पुढे त्याच्या आठ हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या. पंखांचा विस्तार सुमारे नऊ मीटर, नाकात १३० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे उलटे बसवलेले इंजिन, एकामागे एक दोन उघड्या बैठका, आणि एकटा वैमानिक असेल तर त्याने मागच्या बैठकीत बसायचे. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो, पंखांचा मात्र स्प्रूस लाकडाचा. दोन लांब दांडे, म्हणजे स्पार, आणि त्यांवर ओळीने बसवलेल्या पातळ फासळ्या. या सांगाड्यावर कापड चढवल्यावर पंख काठावर उभा करतात आणि दोन माणसे त्याच्या दोन बाजूंना बसतात. एकाने फासळीला लागून दाभण आत घालायचा, पलीकडच्याने तो ओढून फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवायचा, आणि प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ मारायची, म्हणजे एके ठिकाणी दोरा तुटला तरी उरलेली शिवण उसवत नाही. नाकावरच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) झोत जिथे लागतो तिथे टाके जवळजवळ घालावे लागतात. एवढा खटाटोप करायचा कारण उडताना पंखाच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी होतो आणि वरचे कापड फासळ्यांपासून सुटून वर जाऊ पाहते. विमानाला उचलणारे बरेचसे बळ शेवटी या टाक्यांमधूनच सांगाड्याला मिळते.

शिवण झाली की तिच्यावर कापडी पट्टी चिकटवायची आणि मग डोपचे थर द्यायचे. डोप म्हणजे सेल्युलोजचे रोगण. त्याचा वास नखांच्या रंगासारखा उग्र असतो आणि वाळताना ते तागाच्या कापडाला असे आवळते, की टिचकी मारली तर तबल्याच्या पुडीसारखा आवाज यावा. आता बहुतेक मालक पॉलिएस्टर कापड वापरतात. ते डोपने आवळत नाही, त्याच्यावर इस्त्री फिरवावी लागते, आणि ती इस्त्रीही तापमान मोजून पक्की केलेली हवी, कारण शेवटच्या फेरीला सुमारे १७५ अंश सेल्सिअस लागतात आणि त्याच्या फार पुढे गेले तर कापडाचा ताण उलट कमी होतो.

एवढे वाचून कोणीही विचारील, की मुळात दोन पंख हवेत कशाला? सुरुवातीच्या काळात पंख पातळ होते आणि इंजिने दुबळी व जड. लांब, पातळ पंख एकट्याने टिकवायचा तर तो वाकणार. ऑक्टाव्ह शानूट हे मूळचे पूल बांधणारे अभियंते. त्यांनी १८९६ च्या आपल्या ग्लायडरमध्ये एकावर एक दोन पंख ठेवून त्यांच्यामध्ये उभे खांब आणि तिरप्या तारा बसवल्या, म्हणजे रेल्वेपुलाची कैचीच हवेत नेली. राइट बंधूंचे १९०३ चे विमानही असेच दुपंखी होते. कमी वजनात भरपूर ताकद मिळाली, पण त्याची किंमत म्हणून इतके खांब आणि तारा हवा कापत असल्यामुळे अवरोध वाढला, आणि जाड, आतूनच भक्कम असा धातूचा पंख बनवता येऊ लागला तेव्हा एकपंखी विमानांनी मैदान मारले.

या तारांबद्दल मात्र मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण ही विमाने खाजगी माणसांच्या हाती नव्वद नव्वद वर्षे का टिकली, याचे उत्तर मला त्यांतच दिसते. धडाच्या तळापासून वरच्या पंखाच्या बाहेरच्या खांबाकडे जाणाऱ्या तारा उड्डाणाच्या. पंख वर उचलले जातात तेव्हा त्या ताणल्या जातात. वरच्या पंखाच्या मधल्या भागापासून खालच्या पंखाकडे उतरणाऱ्या तारा उतरणीच्या. विमान जमिनीवर उभे असताना पंखांचे वजन त्या पेलतात. विमानाचा जवळजवळ सगळा भार असा बाहेर, डोळ्यांसमोर, उघड्यावर वाहिला जातो. मालक सकाळी विमानाभोवती फिरतो तेव्हा तो प्रत्येक तारेला हात लावतो, तिच्या टोकाचे नट पाहतो, कापडावर बोटे दाबून ते कुठे ढिले पडले आहे का ते बघतो. मी तीस वर्षे भोसरीत टूलरूममध्ये काढली, आणि माझे प्रामाणिक मत असे आहे, की जे यंत्र त्याच्या मालकाच्या हाताला कळते तेच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालू स्थितीत जाते.

अर्थात सगळेच बाहेर दिसत नाही आणि हे विसरणे महागात पडते. टायगर मॉथच्या डाव्या आणि उजव्या पंखांची ओढ धडाच्या तळाशी आडव्या बसवलेल्या पोलादी सळयांवर येते. २०१३ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथच्या या सळया तुटल्या, डावे पंख निखळले आणि दोघांचा जीव गेला. तपासात सळयांना धातूच्या थकव्याने आधीच चिरा पडल्याचे आढळले. त्या चिरा वरून हात फिरवून कळण्यासारख्या नव्हत्या. म्हणून जुन्या विमानाचा जाणता मालक लॉगबुकाला फार जपतो. कोणता भाग कधी बसवला, त्याचे किती तास झाले, तो कधी बदलायचा, हे सगळे त्यात असते, आणि नोंद नसलेला सुटा भाग कितीही चकचकीत असला तरी तो माणूस तो बसवत नाही.

मुलगा केंब्रिजला असताना २०१६ मध्ये मला अशा एका विमानात बसायला मिळाले. ते चौघांच्या मालकीचे होते. ब्रिटनमध्ये हा प्रकार चांगलाच रुळलेला आहे, कारण हँगरचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी एकट्याच्या पेन्शनमध्ये बसत नाही. त्या चौघांपैकी एक निवृत्त शिक्षक मला घेऊन गेले. हिरवळीचे मैदान होते आणि त्यालाही कारण आहे. टायगर मॉथला मुळात ब्रेक नसतात, शेपटाखाली चाकाऐवजी एक घसरपट्टी असते आणि ती गवतात रुतून विमानाला आवर घालते. गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे असल्यामुळे असे विमान जमिनीवर सरळ ठेवणे म्हणजे हातगाडी उलटी ढकलत नेण्यासारखे आहे; जरा दुर्लक्ष झाले की शेपूट पुढे येऊन विमान गरकन फिरते. त्या दिवशी वारा आडवा होता, म्हणून पंखाच्या टोकाला धरून एक जण आमच्याबरोबर चालत आला.

त्याआधी इंजिन सुरू करण्याचा विधी झाला. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकू लागेपर्यंत तो भरला, इग्निशन बंद ठेवून पंख्याची पाती हाताने चार वेळा फिरवली, मग समोरच्या माणसाने “कॉन्टॅक्ट” म्हणून हाक दिली, मागून तसाच प्रतिसाद आला, आणि एका झटक्यात इंजिन धडधडू लागले. वर गेल्यावर वेग ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे मोटारीइतकाच, पण वाऱ्यात चेहरा बाहेर काढला की गाल मागे खेचले जातात. मी खाली शेते पाहण्याऐवजी सगळा वेळ तारांकडे पाहत होतो. उड्डाणाच्या तारा ताठ होत्या. उतरणीच्या तारांवरचा भार उतरल्यामुळे त्या किंचित थरथरत होत्या. चाके गवताला लागल्यावर त्या थरथरणाऱ्या तारा हळूहळू शांत झाल्या, आणि काकांनी पाटीवर काढून दाखवलेली आकृती बेचाळीस वर्षांनी माझ्यासमोर पुरी झाली.

मालकाच्या हाताला कळणारे विमान म्हणजे काय, याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण १९३० मधले आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधला प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचे पारितोषिक ठेवले होते. जे. आर. डी. टाटा इकडून तिकडे निघाले होते आणि सतरा वर्षांचे अस्पी इंजिनीअर तिकडून इकडे. दोघांकडेही जिप्सी मॉथ, म्हणजे टायगर मॉथची थोरली दुपंखी बहीण. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पी स्पार्क प्लगच्या अडचणीत सापडले होते; जे. आर. डीं.नी प्रतिस्पर्ध्याला आपल्याजवळचे प्लग दिले. पारितोषिक अस्पींना मिळाले, आणि पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले. या गोष्टीतले औदार्य सगळे सांगतात. मला त्यातले दुसरे अंगही तितकेच महत्त्वाचे वाटते: प्लग हातात पडल्यावर वाळवंटाच्या कडेला उभे राहून ते बदलायचे आणि पुढे निघायचे, इतके ते यंत्र त्या सतरा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यात होते.

घरी विमान बांधणाऱ्यांची परंपरा याच आवाक्यातून आली आहे. कर्टिस पिट्स यांनी १९४४ मध्ये आपले इवलेसे दुपंखी विमान उडवले आणि त्याच घराण्यातल्या एका विमानावर बेटी स्केल्टन या तरुणीने कसरतींच्या स्पर्धा जिंकल्या. पिट्सचे आराखडे घेऊन कित्येकांनी आपापल्या गॅरेजमध्ये ती विमाने बांधली. डेन्व्हरमधले शिक्षक लमार स्टीन यांनी १९७० मध्ये स्कायबोल्ट हे दोन बैठकांचे विमान विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन पुरे केले, हे मला फार भावते. अमेरिकेत अशा विमानाला हौशी बांधणीचे म्हणून मान्यता हवी असेल, तर अर्ध्याहून अधिक काम शिकण्यासाठी वा हौसेसाठी स्वतः केलेले असावे लागते, आणि त्या बदल्यात बांधणाऱ्याला आपल्या विमानाची तपासणी करण्याचा परवाना मिळू शकतो. ज्याने शिवले त्यालाच उसवून पाहण्याचा हक्क, हा नियम मला न्यायाचा वाटतो.

आपल्याकडे हुन्नर कधीच कमी नव्हता. हवाई दलात टायगर मॉथची जागा घेणारे एचटी-२ हे विमान डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला आकाराला आले आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान बांधले, २०१६ मध्ये ते मुंबईत प्रदर्शनात लोकांसमोर आले आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. हवाई दलानेही एक टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून २०१२ च्या वायुसेना दिनाला हिंडनच्या आकाशात उडवले. पण पुण्यातल्या एखाद्या निवृत्त फिटरने चार मित्रांत मिळून असे विमान ठेवायचे म्हटले, तर ते ठेवणार कुठे? लोहगाव हा लष्करी तळ आहे, हडपसरचे मैदान ग्लायडिंगचे आहे, बारामतीची धावपट्टी प्रशिक्षणाच्या विमानांनी गजबजलेली असते. चार जणांच्या हौसेला पुरेल असे एखादे हिरवळीचे मैदान आणि पत्र्याची शेड या जिल्ह्यात असावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

तोवर मी कर्वेनगरच्या घरात एक चतुर्थांश मापाचा टायगर मॉथ बांधतो आहे. पंखांचा विस्तार सव्वादोन मीटर, फासळ्या लाकडाच्या, कापड पॉलिएस्टरचे, आणि शिवण खऱ्यासारखी, प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ. दिवाणखान्यात पंख काठावर उभा केला की मी एका बाजूला बसतो आणि सौ. दुसऱ्या बाजूला. “अहो, जरा खाली, फासळी लागतेय,” असे ती पलीकडून सांगते आणि सुई परत पाठवते. तिचे टाके माझ्यापेक्षा सारखे पडतात. खालच्या डाव्या पंखाच्या नऊ फासळ्या शिवून झाल्या आहेत; काकांच्या रिळावरचा दोरा आणखी दोन फासळ्यांना पुरेल, त्यापुढे नवा आणावा लागेल.